मदत हवी आहे: गाय कोब्यावर बसत नाही

नमस्कार मंडळी. इंदूरहून सांवेरच्या वाटेवर आमचं शेत आहे. तीन संकरित गाई आणि एक माळवी. धुवायला सोपं म्हणून दिवाळीनंतर गोठ्यात सिमेंटचा कोबा केला, आणि तिथेच चुकलं बहुतेक.

मोठी गाय, गौरी, बसायचंच टाळते. गाईने दिवसाचे 10-12 तास तरी बसायला हवं. ही रात्री उशिरापर्यंत उभीच, सारखी पाय बदलत. मागच्या सांध्यांवरचे केस गेलेत, एका बाजूला लिंबाएवढी सूज आहे. काल तिला उठताना पाहिलं. गाय आधी मागचा भाग उचलते, त्यासाठी डोकं पुढे झोकते. हिचं कपाळ थेट गव्हाणीवर आपटलं. जीव कळवळला हो. दावं लगेच लांब केलंय, पण गव्हाणच फार जवळ आहे.

माळवी मात्र बाहेर निंबाखाली मातीत खुशाल रवंथ करत बसते.

सुजेसाठी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवणारच आहे. प्रश्न जागेचा आहे. कोब्यावर रबरी मॅट टाकू की फोडून वाळू भरू? मॅटखाली मूत साचतं का? आणि आपली काळी माती, पावसाळ्यात वाळू कितपत कोरडी राहील? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.