टीव्हीला जोडायचा '६२० गेम'वाला स्वस्त व्हिडिओ गेम घ्यावा का?

निपाणीकर:
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत नऊ वर्षांचा भाचा येणार आहे. त्याच्यासाठी दोन रिमोटचा, खोक्यावर '६२० गेम' असे छापलेला स्वस्त व्हिडिओ गेम घेण्याचा विचार आहे. आपण लहानपणी कॅसेट घालून जे मारिओ आणि काँट्रा खेळलो, ते त्यावर तसेच खेळता येतील का? सोबत बदके मारायची बंदूक मिळाली तर फारच उत्तम. घरचा टीव्ही नवा एलईडी आहे.

जुनी_कॅसेट:
नव्वदच्या दशकात आपल्याकडे अनेक घरांत जो व्हिडिओ गेम होता, तो मुळात निन्टेंडो या जपानी कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या गेमयंत्राची नक्कल होता आणि हा डबाही त्याच घराण्यातला आहे. तो उघडला तर सर्किटच्या हिरव्या पट्टीवर इपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाचा) एक काळा थेंब दिसतो. त्याखालच्या एकाच चिपमध्ये प्रोसेसर, चित्र आणि ध्वनी हे सारे कोंबलेले असते. त्यामुळे उड्या आणि गोळ्या ओळखीच्या वाटतात, पण संगीत कानाला खटकते, कारण अशा अनेक नकली चिपांमध्ये ध्वनिलहरींच्या २५ आणि ५० टक्के (म्हणजे प्रत्येक लहर किती वेळ 'चालू' राहते, त्याचे प्रमाण) या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली असते. ६२० या आकड्यावर मात्र मुळीच विसंबू नका. एकच खेळ नाव बदलून, पात्राचे चित्र बदलून किंवा पुढच्या लेव्हलपासून सुरू करून पुन्हा पुन्हा यादीत घातलेला असतो. खेळ मध्येच सेव्ह करण्याची सोय बहुधा नसते, हे भाच्याला आधीच सांगून ठेवावे.

सोल्डरगन:
बंदुकीचा विचार सोडून द्यावा. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तो प्रकाश ठरलेल्या क्षणी दिसतो का, एवढेच पाहतो. हे गणित पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी बसवलेले आहे. एलईडी टीव्ही चित्र थोडे उशिरा दाखवतो, त्यामुळे नेम अचूक असला तरी बदक पडत नाही. हाच उशीर मारिओच्या उडीतही जाणवतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो अवश्य सुरू करावा. मुख्य म्हणजे पैसे देण्याआधी टीव्हीच्या मागे या गेमच्या वायरची (चित्राची) पिवळी पिन लावायची जागा आहे का, ते पाहून घ्यावे. अनेक नव्या टीव्हींना ती नसते.

रंकाळा_८८:
पिवळ्या पिनची जागा नसेल तर एचडीएमआयला लागणारी, बिनतारी रिमोटची गेम स्टिक पाहावी. तिच्यात नक्कल चिप नसते. एमुलेटर, म्हणजे जुन्या गेमयंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर, चालतो आणि सगळे खेळ मेमरी कार्डावर असतात. फॅमिकॉमचे खेळ त्यावर बरे चालतात, पण प्लेस्टेशनचे अडखळतात, तेव्हा त्या नावाला भुलून जास्त पैसे देऊ नयेत. सोबत येणारे कार्ड बहुतेक वेळा हलक्या प्रतीचे असते, म्हणून पहिल्याच दिवशी त्याची प्रत संगणकावर काढून ठेवा. मात्र या दोन्ही प्रकारांतले खेळ सहसा परवान्याविना भरलेले असतात. ज्यांना ते पटत नाही, त्यांनी निन्टेंडोने २०१६ साली काढलेला ३० खेळांचा छोटा अधिकृत संच जुन्या बाजारात शोधावा. तो महाग पडतो, पण त्यातले चित्र, आवाज आणि सेव्ह यांत खोट काढायला जागा नाही.