कपाटातल्या टू-इन-वन डीव्हीडी: ठेवायच्या की द्यायच्या?

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,

मंडळाचं डीव्हीडींचं कपाट आमच्या गराजमधून हलवायचं आहे. नव्या जागेत निम्म्याच डब्या मावतील. कार्यकारिणीत अशी सूचना आली की टू-इन-वन आणि थ्री-इन-वन ठेवाव्यात, एकेका सिनेमाच्या देऊन टाकाव्यात. एकाच डिस्कवर दोन किंवा तीन सिनेमे, म्हणजे जागाही वाचते. मला हिशेब सरळ वाटतोय. कोणाची हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, शनिवारी खोकी भरायची आहेत.

अनघा

---

प्रेषक: वसंत

अनघा,

माझी हरकत आहे, आणि चांगली सणसणीत आहे.

डिस्कमध्ये माहिती साठवायचे थर असतात: एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. आपला सिनेमा सव्वादोन तासांचा धर. दोन थरांच्या डिस्कवर तो एकटाच असेल तर सेकंदाला आठेक मेगाबिट (म्हणजे तेवढी माहिती; जितकी जास्त तितकं चित्र स्वच्छ) वाट्याला येतात. डीव्हीडीत चित्राला ९.८ च्या वर जाताच येत नाही, तेव्हा हे उत्तमच. त्याच डिस्कवर दोन सिनेमे घातले तर प्रत्येकी चार. काळजीपूर्वक केलं असेल तर तेही चालतं, मी नाक मुरडणार नाही. पण स्वस्तातली टू-इन-वन बहुतेकदा एकाच थराची असते. तिथे आवाज धरून सव्वादोन उरतात, आणि थ्री-इन-वनला जेमतेम दीड. डीव्हीडीच्या आधीच्या व्हीसीडीत नुसत्या चित्राला १.१५ मेगाबिट होते आणि ते चित्र डीव्हीडीच्या पाव आकाराचं. म्हणजे चित्राच्या आकाराच्या मानाने थ्री-इन-वन व्हीसीडीपेक्षाही कंजूष!

कुठे दिसतं हे? जिथे पडद्यावर खूप काही हलतं तिथे. लावणीत नऊवारीची जर आणि गिरक्या, पावसातलं गाणं, धूर, मशाली. सगळ्याचे चौकोन होतात. अंधारातल्या दृश्यात तर भिंतीवर डाग पडल्यासारखं वाटतं. जुन्या २१ इंची ट्यूबच्या टीव्हीवर खपून जायचं, आता घरोघरी ६५ इंची आहेत.

ओळखायचं सोपं आहे. डिस्क उलटी करून उजेडात धर. दोन थरांची असेल तर सोनेरी झाक दिसते, एका थराची असेल तर स्वच्छ चंदेरी. शंका वाटली तर कॉम्प्युटरमध्ये घालून किती जीबी भरलेत ते बघ. दोन्ही बाजूंना सिनेमा असलेल्या काही डिस्क आहेत, त्यात प्रत्येक सिनेमाला स्वतःची बाजू मिळते, त्या फेकू नकोस. फक्त त्यांना लेबल लावायला जागा नसते, नाव मधल्या भोकाभोवती मुंगीच्या अक्षरात असतं, आणि धरायचं कुठे हे कळत नसल्याने सगळ्यांची बोटं उमटलेली असतात.

वसंतकाका

---

प्रेषक: सुलभा

वसंतराव, तुमचं गणित मान्य, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत.

जुन्या मराठी सिनेमांच्या कितीतरी डीव्हीडी मूळ प्रिंटवरून नाही, टीव्हीसाठी कधीतरी काढून ठेवलेल्या व्हिडिओ टेपवरून केलेल्या आहेत. रंग उडालेले, कडा पुसट, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिथे तुमचे आठ मेगाबिट दिले तरी पुसटपणाच जास्त स्वच्छ दिसेल.

माझी आई दरवर्षी इथे येते. तिला चौकोन दिसत नाहीत, तिला गाळलेलं गाणं दिसतं. दोन सिनेमे कोंबताना गाणी छाटतात, कधी विनोदी उपकथानकच उडवतात, आणि कव्हरवर त्याबद्दल अवाक्षर नसतं. तेव्हा अनघा, सिनेमाची मूळ लांबी आणि डिस्कवरची लांबी ताडून बघ. पाल या भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर सिनेमा चार टक्के भरभर पळतो, त्यामुळे सव्वादोन तासांत पाचेक मिनिटं कमी असली तर ती कात्री नव्हे. वीस मिनिटं कमी असली तर मात्र कात्रीच.

सबटायटल्सचंही बघ. इथे वाढलेल्या मुलांना त्याशिवाय निम्मं कळत नाही, आणि जोडीच्या डिस्कवर ती सहसा नसतात. जागा तर नगण्य लागते, खर्च वाचवायचा असतो. (दादा कोंडक्यांचे संवाद इंग्रजीत उतरवायला बसलेल्या माणसाची मला कीव येते, पण तो विषय वेगळा.)

तरीही सगळी टू-इन-वन काढायला माझा विरोध आहे. त्यात एक चालणारा सिनेमा असतो आणि एक गळ्यात बांधलेलं लोढणं. चालणारा आता कुठेही ऑनलाइन मिळतो. लोढणं मात्र कित्येकदा फक्त त्या डिस्कवरच उरलंय. मोझर बेअर या भारतीय डिस्क कंपनीने २००७ मध्ये ३४ रुपयांना डीव्हीडी काढली, २०१८ मध्ये कंपनीच अवसायनात गेली. अशा डिस्क पुन्हा निघतील या भरवशावर राहू नका.

सुलभा

---

प्रेषक: निखिल

एक भर. आपल्याकडच्या काही डिस्क पाल आहेत, काही एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीच्या. इथले बरेच प्लेअर पाल घेत नाहीत, कितीही सोनेरी असली तरी. लॅपटॉपवर व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये चालतात. डबीवर तसं लिहून ठेवलं तर लोक ‘डिस्क खराब आहे’ म्हणून परत आणणार नाहीत.

आणि यातली एखादी दिवाळीला हॉलमध्ये लावता येईल का?

---

प्रेषक: अनघा

निखिल, नाही. त्या घरी बघण्यापुरत्याच आहेत, हॉलमध्ये दाखवायचं तर निर्मात्याकडून वेगळी परवानगी लागते.

बाकी असं ठरवते: एकेका सिनेमाच्या डिस्कपैकी पूर्ण लांबीच्या आणि सबटायटल्सच्या राहतील. टू-इन-वनमध्ये दोन थरांच्या आणि दोन बाजूंच्या राहतील, शिवाय ज्यातला एक तरी सिनेमा दुसरीकडे मिळत नाही त्या, मग चित्र कसंही असो. थ्री-इन-वनला मात्र हाच शेवटचा नियम लावते, बाकी सगळ्या बाहेर.

वसंतकाका, शनिवारी दहाला लॅपटॉप घेऊन या. सुलभाताई, कुठला सिनेमा कुठे मिळतो हे तुम्हालाच माहीत, तेव्हा तुम्हीही. पोहे करते.

अनघा