मदत हवी आहे: ओपन स्पेसमधली पायवाट बंद करता येते का?

राम राम मंडळी. जळगावच्या बाहेरच्या अंगाला आमची कॉलनी. भिंतीपलीकडे केळी कापणाऱ्या मजुरांची वस्ती. मधल्या ओपन स्पेसमधून पायवाट आहे, त्याच वाटेने सकाळी धुणंभांडीवाल्या मावश्या येतात. आता सभेत ठरतंय, तिथे कुलूप लावायचं. कारण म्हणे चोऱ्या. मग मावश्यांनी हायवेवरून दीड किलोमीटर वळसा घालायचा, मे महिन्यात, 44-45 डिग्रीत! काम मात्र वेळेवर पाहिजे.

आमच्याही घरी मावशींचा कान तुटलेला कप गॅलरीत वेगळा पालथा असतो. आईला बोललो तर म्हणे, "त्यांनाच तसं बरं वाटतं." श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीत मात्र दोन्हीकडच्या बाया एकत्र फुगड्या खेळतात.

लेआउट मंजुरीत 10 टक्के जागा मोकळी सोडलेली आहे. ती अशी अडवता येते का? महापालिकेत माहिती अधिकारात नेमका कोणता कागद मागू, मंजूर नकाशा की आणखी काही? आणि भाऊ, सभेत हे बोलायचं कसं? अध्यक्ष नात्यातले आहेत, रविवारी बैठक आहे.