लेखाशास्त्राची पदवी झाली की आधी लेखापरीक्षणच करावे का?

रोजकीर्द:
पदवी हाती पडली की आधी दोन-तीन वर्षे लेखापरीक्षण संस्थेत काढावीत आणि मग पुढचे ठरवावे, हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्याचे कारण कोणी विचारतच नाही. ज्याला लेखापरीक्षण अहवालावर सही करण्याचा परवाना हवा आहे, त्याला हा मार्ग टाळता येणार नाही, कारण बहुतेक देशांत नुसत्या पदवीवर ती सही करता येत नाही. इतरांनी मात्र डोळे झाकून त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्पादनखर्चाचे विश्लेषण, अंदाजपत्रक, करविषयक काम, कर्जप्रस्तावांची छाननी, हिशेबाच्या संगणकप्रणालींची उभारणी या क्षेत्रांत पदवीधराला थेट शिरकाव करता येतो. लेखापरीक्षक मुख्यतः होऊन गेलेले व्यवहार तपासतो. एखादे उत्पादन चालू ठेवावे की बंद करावे, हा प्रश्न त्याच्यापुढे क्वचितच येतो, आणि धंद्याची समज अशाच प्रश्नांतून येते.

पडताळणी:
आपल्या शेवटच्या विधानाशी मी असहमत आहे. बँकेतील शिल्लक पडताळताना पत्रव्यवहार लेखापरीक्षकाच्या ताब्यात राहावा लागतो आणि बँकेचे उत्तर थेट त्याच्याकडेच यावे लागते. ते कंपनीच्या हातून आले, तर पुरावा म्हणून त्याचे वजन घटते. नवख्या उमेदवाराला हे काम रटाळ वाटते, हे मान्य आहे. परंतु जर्मनीतील वायरकार्ड ही कंपनी २०२० मध्ये कोसळली, ती ताळेबंदात दाखवलेले १९० कोटी युरो बँक खात्यांत सापडलेच नाहीत म्हणून. विश्लेषकाच्या हाती आयता आकडा येतो आणि त्यावर तो सुबक तक्ते उभारतो. तो आकडा मुळात आहे का, असे विचारण्याची सवय लेखापरीक्षणात जशी अंगवळणी पडते, तशी अन्यत्र पडत नाही.

खतावणी:
अन्यत्र पडत नाही, हे मात्र खरे नाही. वर्ल्डकॉम या अमेरिकी कंपनीने इतर दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या वापरण्यापोटी दिलेले शुल्क, म्हणजे सरळसरळ चालू खर्च, भांडवली मालमत्ता म्हणून नोंदवून नफा फुगवला होता. २००२ मध्ये ३८० कोटी डॉलरांच्या या खोट्या नोंदी शोधून काढल्या, त्या कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने. बाहेरच्या लेखापरीक्षकांच्या नजरेतून त्या निसटल्या होत्या. या चर्चेत अंतर्गत लेखापरीक्षणाचे आणि हिशेबी गैरव्यवहारांच्या तपासाचे नावही कोणी घेतले नाही, याचे मला नवल वाटते. शंका घेणे हाच ज्यांचा पिंड आहे, त्यांच्यासाठी ही दोन्ही कामे अधिक कसाची आहेत.

रोजकीर्द:
खतावणी यांनी माझे काम हलके केले. संगणकप्रणालीच्या कामातही पडताळणी असतेच. खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचे बीजक या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज रक्कम अदा होऊ नये, अशी व्यवस्था प्रणालीत बसवायची असते. किती फरक चालवून घ्यायचा आणि अपवादाला मंजुरी कोणी द्यायची, हे हिशेब कळणाऱ्यानेच ठरवायचे असते. शंभर कागद उलटून पाहण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, शिक्षण त्यात आहे. शाश्वततेविषयीच्या अहवालांचे आंतरराष्ट्रीय निकष जून २०२३ मध्ये जाहीर झाले. त्या कामालाही मोजमाप आणि पुरावा जाणणारी माणसे लागतील.

पडताळणी:
कामाच्या दर्जाबद्दल माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो क्रमाबद्दल. लेखापरीक्षणातून उद्योगात जाणाऱ्यांची वाट रुळलेली आहे. उलट दिशेने येणाऱ्याला, सही करण्याचा परवाना हवा असल्यास, बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणाचा ठरावीक काळ पुन्हा नवशिक्या म्हणून काढावा लागतो, आणि तोवर घरखर्च व पगाराच्या अपेक्षा दोन्ही वाढलेल्या असतात. बाविसाव्या वर्षी आपल्याला काय नको आहे, हे पक्के ठाऊक असणारे पदवीधर मला फारसे भेटलेले नाहीत.

खतावणी:
मग त्यांनी परवान्याच्या परीक्षांची नोंदणी तेवढी करून ठेवावी आणि नोकरी स्वीकारण्यापूर्वी त्या कामाचा काळ प्रशिक्षणात धरला जातो का, हे संबंधित व्यावसायिक संस्थेला विचारून घ्यावे. काही संस्था उद्योगातील देखरेखीखालचा अनुभवही ग्राह्य धरतात. सही करण्याच्या परवान्यासाठी मात्र लेखापरीक्षणाचा अनुभव वेगळा लागू शकतो. हा खुलासा लेखी घेतलेला बरा.