बझकॉक्स: संकलन ऐकणारे आळशी?

बी-बाजू:
काल 'माजघर' यांनी मँचेस्टरच्या या पंक बँडबद्दल ठणकावलं, "बझकॉक्स ऐकायचे तर मूळ अल्बम ऐका. 'सिंगल्स गोइंग स्टेडी' हा आळशांचा डबा." वाचता वाचता तव्यावरची पोळी करपली. अहो, हा बँडच सिंगल्सचा, म्हणजे पुढे मुख्य गाणं (ए-बाजू) आणि मागे जोडगाणं (बी-बाजू) अशा छोट्या तबकड्यांचा! त्या संकलनावर आठ ए-बाजू आहेत, त्यातल्या सहा तुमच्या 'मूळ' अल्बमांवर नाहीतच. 'व्हॉट डू आय गेट' कुठे ऐकणार, शेजाऱ्यांकडे? पहिल्या बाजूला आठ ए, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच आठ बी, त्याच क्रमाने. 1979 साली अमेरिकेसाठी काढलं, इंग्लंडात 1981 मध्ये आलं, तेव्हा बँड मोडलेला. आणि आरत्या चालल्यात सेक्स पिस्टल्स, क्लॅश या दुसऱ्या पंक बँडांच्या.

माजघर:
सहाचा हिशोब मान्य, मोजून पाहिला. पण 'मूव्हिंग अवे फ्रॉम द पल्सबीट' ऐकलंय का? ते संकलनात नाही. तुमचा गायक-गिटारवाला पीट शेली कायम प्रेमभंगातच रडत बसतो, कारण तुम्ही तेवढंच ऐकता.

बी-बाजू:
बी-बाजूला 'व्हाय कान्ट आय टच इट' आहे, सहा मिनिटांच्या वर. तिथवर पोचलात का कधी?

तंबोरा:
मला एक सांगा, ज्याचा सोलो दोन स्वरांचा त्याला संगीत म्हणायचं? 'बोअरडम' ऐकलं. टॅं-टॅं, टॅं-टॅं. आमच्या गुरुजींनी दोन वर्षं नुसता सा लावून घेतला.

खवचट_खंडू:
म्हणजे शेली तुमच्या दुप्पट पुढे गेला. 🙏

बी-बाजू:
तंबोराजी, 'बोअरडम' या संकलनात नाहीच. ते 'स्पायरल स्क्रॅच'वरचं, जानेवारी 1977. घरच्यांकडून-मित्रांकडून 500 पौंड उसने घेऊन स्वतःच काढलेली तबकडी.

तंबोरा:
उसने पैसे आणि रियाज नाही. आजकाल हेच. माझ्या भाचीने तीन महिन्यांत गिटारचा क्लास सोडला आणि आता 'आर्टिस्ट' म्हणवते. फी माझी!

माजघर:
फी बुडाल्याचा राग शेलीवर कशाला? ड्रमवर जॉन माहर, सोळाव्या वर्षी बँडात आलेला. त्याचा हात ऐका आणि मग रियाजावर बोला.

तंबोरा:
सोळाव्या वर्षी आमच्याकडे... जाऊ दे. ऐकला. हात आहे. पण 4 जून 1976 ला मँचेस्टरात पिस्टल्सना बोलावलं ते याच शेलीने आणि बँडचा पहिला गायक डिवोटो याने ना? स्वतः का नाही वाजवलं? बँडच तयार नव्हता! वाजवले थेट 20 जुलैला. म्हणजे रियाज लागतोच.

खवचट_खंडू:
काका तर अभ्यास करून भांडायला लागले. बाडबिस्तऱ्यासकट सहमत.

मँचेस्टरवाली:
भांडा खुशाल. मी नऊ वर्षं इथे आहे. ही एलपी जुन्या बाजारात घेतली, चुकून उलटी लावली. 'समथिंग्ज गॉन राँग अगेन'चा पियानो एकच सूर ठोकत राहतो. मला वाटलं सुई अडकली. अजून मी बी-बाजूच आधी लावते. डिसेंबर 2018 ला शेली टालिनमध्ये गेला, तेव्हा ऑफिसातला एक टकला, एरवी 'गुड मॉर्निंग'ही न म्हणणारा, जिन्यात उभा राहून रडत होता. त्याला कुणी विचारलं नाही, संकलन की अल्बम.

माजघर:
हा पुरावा नव्हे, जिना आहे.

बी-बाजू:
असू दे. तुम्हाला तोही चढवत नाही.

माजघर:
तोंड सांभाळा. काल रात्री दुसरी बाजू लावली होती. 'ऑटोनॉमी' आधीपासून माहीत होतं, अल्बमवर आहे म्हणून. बाकीच्यांतली चार-पाच चांगली निघाली. आळशांचा डबा हे शब्द मागे घेतो. नुसता 'डबा' राहू दे.

तंबोरा:
'स्पायरल स्क्रॅच'च्या कव्हरवर 'ब्रेकडाउन'पुढे छापलंय म्हणे: तिसरा टेक, डब नाही. म्हणजे तिसऱ्यांदा वाजवलेलं, वरून काही न जोडलेलं. निदान खोटं बोलत नाहीत. भाचीला ही ओळ पाठवली आहे, अजून निळी टिक नाही.