मदत हवी आहे: ग्रो टेंटमध्ये बाहेरचा उजेड शिरतोय

६०×६०×१२० सेंमीचा स्वस्तातला ग्रो टेंट (घरात झाडं वाढवायचा बंदिस्त कापडी तंबू) आहे, आत शेवंतीच्या चार कुंड्या. कळ्या धरण्यासाठी रोज सलग १४ तास अंधार देतोय, पण खोलीतला दिवा रात्री उशिरापर्यंत चालू असतो. टेंट हलवता येत नाही.

दिवसा आत बसून, डोळे अंधाराला सरावल्यावर गळती शोधली. शिवणीची बारीक भोकं खडूने खुणा करून बाहेरून अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बुजवली; ती टिकली आहेत. आधी आतून लावलेली काळी इन्सुलेशन टेप मात्र दमटपणामुळे आठवड्यात सुटली.

उरल्या दोन जागा. एक, चेन: तिच्या दातांमधून उभी उजेडाची रेघ दिसते. काळं कापड शिवलं, तर ते दर वेळी चेनमध्ये अडकतं. दुसरी, खालची जाळीची खिडकी, आणि खरी काळजी हिचीच. ती बंद केली की हवा खेळत नाही, पानांवर ओल साचते. ४ इंची एक्झॉस्ट पंखा आहे, तो बंद ठेवायचा नाही.

आतून काळा रंग दिलेला, दोन काटकोनी वळणांचा पुठ्ठ्याचा बोगदा जाळीवर लावायचा विचार आहे. त्याचं तोंड किती मोठं ठेवलं तर हवा अडणार नाही? आणि चेनीवरची झडप वेल्क्रोने बसवू की चुंबकपट्टीने?