१९६३ च्या कॉर्वेटमधले इंजिन मूळचेच आहे, हे कसे ठरवावे?

दुभंगकाच:

नमस्कार. १९६३ सालची शेव्हरले कॉर्वेट स्टिंग रे, म्हणजे मागची काच मधोमध दुभागलेली कूपे (पक्क्या छताची दोन दारांची मोटार), विकत घेण्याचा माझा विचार आहे. ही काच त्या एकाच वर्षी होती आणि अशा १०,५९४ कूपे तयार झाल्या, हे मला ठाऊक आहे. विक्रेत्याचे म्हणणे असे की, मोटारीतले ३२७ घनइंचांचे, ३४० अश्वशक्तीचे इंजिन कारखान्यात बसवलेलेच आहे. त्याचा सगळा आधार ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर, पंच केलेल्या क्रमांकावर आहे.

उजव्या हेडच्या (ब्लॉकवर बसणाऱ्या, सिलिंडर झाकणाऱ्या भागाच्या) पुढे ब्लॉकचा जो सपाट भाग बाहेर डोकावतो, त्यावर एका बाजूला ‘३’ आणि पुढे सहा आकडे आहेत. हे सहा आकडे ग्लोव्ह बॉक्सखालच्या पट्टीवरील मोटारीच्या अनुक्रमांकाशी तंतोतंत जुळतात. दुसऱ्या बाजूला ‘एफ ०४१२ आरई’ असे लिहिलेले आहे. अनुक्रमांकावरून मोटार एप्रिल १९६३ च्या अखेरीस तयार झालेली दिसते. ब्लॉकच्या मागच्या कडेवर ३७८२८७० हा ओतीव क्रमांक मी वाचला, परंतु ओतकामाची तारीख रंगाच्या थराखाली असल्याने नीट दिसली नाही. एवढ्या पुराव्यावर हे इंजिन मूळचे मानावे का?

ओतशाळा:

आपण वाचलेल्या खुणांमध्ये परस्परविरोध नाही, पण त्या एकमेकींपासून वेगळ्या काळात आणि वेगळ्या ठिकाणी उमटलेल्या आहेत, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचे वजन कळत नाही. ब्लॉक ओतला गेला तेव्हा साच्यातूनच त्यावर ओतीव क्रमांक आणि तारीख उठली. पुढे मिशिगनमधील फ्लिंट येथील कारखान्यात इंजिन जुळवल्यावर ‘एफ ०४१२ आरई’ हा ठसा पंच झाला. यातला ‘एफ’ म्हणजे फ्लिंट, ‘०४१२’ म्हणजे १२ एप्रिल, आणि ‘आरई’ म्हणजे ३४० अश्वशक्तीचे, हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीसाठीचे इंजिन. त्याच वर्षी २५० अश्वशक्तीला ‘आरसी’, ३०० ला ‘आरडी’ आणि पेट्रोल इंजेक्शनच्या ३६० ला ‘आरएफ’ अशी अक्षरे होती. मोटारीचा अनुक्रमांक मात्र ब्लॉकवर सर्वांत शेवटी, मिसूरीमधील सेंट लुइसच्या कारखान्यात पडला, कारण कॉर्वेटची जुळणी तेथे होत असे.

या जुळणीच्या ठशात वर्ष नसते, ही गोष्ट बरेच जण विसरतात. १२ एप्रिल दरवर्षीच येतो. म्हणून आपल्याला न दिसलेली ओतकामाची तारीखच येथे निर्णायक आहे. ती ब्लॉकच्या मागच्या बाजूला, बेलहाउसिंग (क्लचभोवतीचे आवरण) जेथे बसते त्या कडेवर उजवीकडे असते. पहिले अक्षर महिन्याचे, ‘ए’ म्हणजे जानेवारी येथपासून ‘एल’ म्हणजे डिसेंबरपर्यंत. मग दिवस आणि शेवटी वर्षाचा एकच आकडा. एका आकड्यामुळे १९६३ आणि १९७३ यांत गोंधळ होऊ शकतो, पण ३७८२८७० हा ब्लॉक साठीच्या दशकाच्या पूर्वार्धातला असल्याने तो प्रश्न आपल्यापुरता सुटतो. ही तारीख १२ एप्रिलच्या आधीची, शक्यतो काही दिवस ते काही आठवडे आधीची असली पाहिजे. नंतरची असेल तर पुढचे काहीच तपासण्याची गरज नाही, कारण जो ब्लॉक अजून ओतलाच गेला नव्हता त्याची जुळणी होऊ शकत नाही.

रंग काढताना तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर वापरू नका. रंग विरघळवणारे द्रव लावून मऊ कापडाने पुसा. पंच केलेल्या भागावर तर एकही ओरखडा पडू देऊ नका. पुढे त्याच पृष्ठभागाची साक्ष काढावी लागणार आहे.

टॅपेट:

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु तारीख जुळली म्हणून निश्चिंत होऊ नका, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. काही वर्षांपूर्वी मी अशीच एक मोटार घेतली होती. ओतकामाची तारीख, जुळणीची तारीख, अनुक्रमांक, सगळे जुळत होते. तरीही तो ब्लॉक दुसऱ्याच मोटारीचा निघाला. त्या काळातला योग्य ब्लॉक मिळवून, त्याचा पृष्ठभाग घासून, त्यावर हवा तो क्रमांक कोणीतरी पंच केला होता. आकडे ठोकायला पंचांचा एक संच पुरतो. त्यामुळे मी आता आकड्यांपेक्षा आकड्यांखालचे लोखंड आधी पाहतो.

फ्लिंटच्या कारखान्यात ब्लॉकचा हेडकडचा पृष्ठभाग ब्रोच नावाच्या मोठ्या यंत्राने एकाच दिशेत कापला जाई. पंच केलेला भाग हा त्याच पृष्ठभागाचा पुढे आलेला तुकडा असल्याने त्यावर पुढून मागे जाणाऱ्या अतिशय बारीक, सरळ, समांतर रेषा राहत. तिरपा प्रकाश टाकून भिंगातून पाहिले की त्या दिसतात आणि आकड्यांच्या खोल भागाशी त्या तुटून पलीकडे पुन्हा सुरू होतात. ब्लॉकला नंतर फेसिंग मारले असेल, म्हणजे यंत्रावर तो पृष्ठभाग पुन्हा कापून सपाट केला असेल, तर फिरत्या कटरच्या कमानीसारख्या खुणा दिसतात, आणि हाताने घासला असेल तर वाटेल तशा रेघोट्या.

दुसरी खूण अशी की, फ्लिंटचा ठसा आणि सेंट लुइसचा ठसा वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या पंचांनी, वेगवेगळ्या दिवशी मारलेले आहेत. म्हणून दोन्हींतल्या ‘१’ आणि ‘३’ची घडण, खोली आणि ओळ यांत फरक असणे स्वाभाविक आहे. दोन्ही ठसे एकाच हातचे वाटले, तर मला शंका येते. हे छायाचित्रावरून ठरवता येत नाही, प्रत्यक्ष जाऊनच पाहावे.

मंदगती:

दोघांचेही मुद्दे बरोबर आहेत, पण फेसिंगच्या खुणा म्हणजे लबाडीच, असा निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते. साठ वर्षांच्या आयुष्यात इंजिन दोनदा तरी उघडले गेले असण्याची शक्यता असते. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांमधली चकती) वारंवार जात असेल तर कोणताही प्रामाणिक कारागीर ब्लॉकला फेसिंग मारतो, आणि त्यात मूळचा क्रमांक पुसला जातो. त्या काळी ही मोटार केवळ जुनी मोटार होती. क्रमांक जपून ठेवावा असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. पुसट किंवा नाहीसा झालेला क्रमांक असलेला ब्लॉक मूळचा असू शकतो. माझा आक्षेप आहे तो फेसिंगनंतर पुन्हा क्रमांक पंच करून ते न सांगण्याला.

शिवाय ब्लॉकपुरते थांबू नका. व्हॉल्व्ह कव्हर काढून दोन्ही हेडवरचे ओतीव क्रमांक आणि तारखा वाचा. ३४० च्या इंजिनावर ३७८२४६१ क्रमांकाचे हेड असते. त्या इंजिनात सॉलिड टॅपेट (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारे ठोस भाग, ज्यांचा टकटक आवाज येतो) होते, तर २५० आणि ३०० मध्ये हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, शांत. म्हणून सुरू इंजिनाचा आवाजही ऐकून ठेवा, जरी कॅमशाफ्ट (टॅपेट हलवणारा दांडा) आणि त्याबरोबर टॅपेट बदलणे अवघड नसले तरी. कागदपत्रांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला मागणीचा कागद १९६७ पासूनच्या मोटारींत सापडतो, त्यामुळे आपल्या मोटारीच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे.

दुभंगकाच:

आपण तिघांनी सांगितल्याप्रमाणे काल पुन्हा पाहणी केली. ओतकामाची तारीख ‘सी २८ ३’ अशी स्वच्छ वाचता आली, म्हणजे २८ मार्च १९६३. जुळणीच्या आधी पंधरा दिवस. हे वाचून मला आनंद झाला होता. परंतु पंच केलेल्या भागावर तिरपा प्रकाश टाकल्यावर सरळ रेषा कोठेच दिसल्या नाहीत. संपूर्ण भागावर एकसारख्या कमानी आहेत आणि आकडे त्या कमानींच्या वरून, त्यांना कापत गेलेले आहेत. दोन्ही ठशांतला ‘१’ अगदी सारखा आहे, खोलीही सारखीच. डाव्या हेडवर ‘सी १९ ३’ आणि उजव्या हेडवर ‘एच ७ ३’ अशी तारीख आहे. दोन्हींचा ओतीव क्रमांक ३७८२४६१ आहे.

ओतशाळा:

मग चित्र बरेच स्पष्ट झाले. ‘एच ७ ३’ म्हणजे ७ ऑगस्ट १९६३, म्हणून उजवे हेड मोटार तयार झाल्यानंतर ओतलेले आहे आणि ते निश्चितपणे बदललेले आहे. ब्लॉकचे म्हणाल तर तो त्या काळातला आणि त्या प्रकारच्या मोटारीला शोभणारा आहे, एवढेच सिद्ध होते. आकडे कमानींना कापत गेले आहेत, याचा अर्थ फेसिंग आधी झाले आणि पंच नंतर बसले. त्यामुळे ते आकडे फ्लिंटचेही नाहीत आणि सेंट लुइसचेही नाहीत. ब्लॉक याच मोटारीचा असून फेसिंगनंतर जुना क्रमांक पुन्हा मारला गेला, ही शक्यता उरते, पण ती आता त्या पृष्ठभागावरून कोणालाही सिद्ध करता येणार नाही.

विक्रेत्याला हे शांतपणे दाखवा. त्याने स्वतः मोटार याच समजुतीवर घेतलेली असू शकते. व्यवहार करायचाच असेल तर लेखी करारात ‘मूळ इंजिन’ हे शब्द येऊ देऊ नका. ‘त्या काळातले योग्य इंजिन, ब्लॉकवरील क्रमांक नंतर पंच केलेला, उजवे हेड नंतरचे’ असे लिहून घ्या आणि किंमत त्यावरच ठरवा. आज काढलेली छायाचित्रेही कराराला जोडून ठेवा, म्हणजे आपल्यानंतर ही मोटार ज्याच्याकडे जाईल त्याला हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागणार नाही.